'असे कधी कोणी करते का?'

रहस्यकथा वाचणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. मध्यरात्र उलटलेली आहे, वाड्यात आदल्याच दिवशी खून झालेला आहे, आणि तरीही कथेची नायिका हातात कंदील घेऊन एकटीच तळघराच्या पायऱ्या उतरू लागते. वाचक पुस्तक मांडीवर उपडे ठेवतो आणि म्हणतो, 'असे कधी कोणी करते का?' या उद्गारात नायिकेविषयी काळजी असते, तशी लेखकावरची नाराजीही असते. कथानक पुढे सरकावे म्हणून लेखकाने एका शहाण्या मुलीला मूर्ख बनवले, सबब कथेला येथे फट पडली, असा त्या वाचकाचा निवाडा असतो.

मराठी वाचकाला हा निवाडा देण्याची सवय फार जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजारने आणि काळापहाडने मराठी मुलखातल्या दोन पिढ्यांची झोप उडवली. पुढे सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास आले. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर आणि दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत ही पुस्तके हातोहात फिरत. आपल्या ख्रिस्ती घरांतून ती कित्येकदा धर्मशिक्षणाच्या पुस्तकाखाली दडवून वाचली जात, आणि वडीलधाऱ्यांना ते ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. आता पुस्तकाची जागा बव्हंशी पडद्याने घेतली आहे. तक्रार मात्र तीच आहे, आणि ती करणारा स्वतःला पात्रापेक्षा शहाणा समजतो हेही तसेच आहे.

या तक्रारीत तथ्य किती? पात्राने घेतलेला चुकीचा निर्णय हा कथानकाचा दोष मानावा काय? प्रश्न वरवर साहित्यातला दिसतो. माझ्या मते तो नीतीचा आहे, कारण माणूस चुकीचे का वागतो याविषयी आपण मनाशी काय धरून चाललो आहोत, ते त्याच्या उत्तरातून उघडे पडते.

प्रथम खरी फट कशाला म्हणावे ते पाहू. तिसऱ्या प्रकरणात विहिरीत बुडून मेलेला मुनीम नवव्या प्रकरणात कागदावर सही करतो. खोलीला एकच किल्ली आहे असे बजावून सांगितल्यावर ऐन वेळी दुसरी किल्ली निघते. सकाळी लातूरहून मोटारीने निघालेला साक्षीदार तासाभरात मुंबईच्या न्यायालयात उभा राहतो. हे जमाखर्चातले घोटाळे आहेत. लेखकाने स्वतः घालून दिलेला नियम स्वतःच मोडला, आणि वाचकाने दोष दिला तर तो सर्वस्वी रास्त आहे. त्यावर अधिक बोलण्यासारखेही काही नाही. निर्णयाची गोष्ट निराळी आहे. किल्ल्या मोजता येतात. माणसाच्या मनाचा ताळेबंद त्या रीतीने मांडता येत नाही. पात्राने शहाणपणाने वागावे अशी अट कथेवर नसते. त्याची चूक त्याची स्वतःची असावी, एवढीच अट असते.

हा वाद आजचा नाही. सोफोक्लीझच्या 'राजा ईडिपस' या नाटकाला पहिली गुन्हेशोधाची कथा म्हणता येईल. राजा आपल्या आधीच्या राजाच्या खुन्याचा शोध घेतो, आणि शोधाच्या अखेरीस तो खुनी आपणच आहोत हे त्याला कळते. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात या नाटकाची फार वाखाणणी केली. पण त्याच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. ज्याच्या सिंहासनावर आपण बसलो आणि ज्याच्या राणीशी आपण विवाह केला, तो राजा कसा मेला याची चौकशी ईडिपसने इतकी वर्षे केली नाही, हे पटण्यासारखे नाही. ॲरिस्टॉटलचा बचाव असा की, ही न पटणारी गोष्ट रंगमंचावर घडत नाही, ती नाटकाच्या बाहेर आहे, म्हणून चालवून घ्यावी.

एवढ्या थोर टीकाकाराचा हा बचाव मला लंगडा वाटतो. सोफोक्लीझला त्याची गरजच नव्हती. ज्याला अनायासे राज्य मिळाले, तो आधीच्या धन्याच्या मरणाची चौकशी करीत बसत नाही, हे जगात रोज दिसते. ज्या शेताचे जुने कागद उघडले तर कटकट निघेल, ते कागद पिढ्यान् पिढ्या पेटीच्या तळाशी राहतात. घरातल्या कोणालाही ते वाचू नकोस असे सांगावे लागत नाही. ईडिपसची बेफिकिरी ही ज्याला लाभ झाला आहे अशा माणसाची बेफिकिरी आहे. ती फट असेल तर नाटकातली नव्हे, त्याच्या विवेकातली.

आपल्या पवित्र शास्त्रातही अशी एक गुन्हेशोधाची कथा आहे. दानीएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. प्रॉटेस्टंट बांधव त्याला मूळ ग्रंथात धरीत नाहीत. बाबेलमध्ये योआकीम नावाच्या सधन यहुदी माणसाची पत्नी सुसान्ना हिच्यावर दोन वडीलधाऱ्यांची पापी नजर पडते. त्या वर्षी न्यायदानासाठी नेमलेले हे दोघे. बागेत ती एकटी असताना ते तिला गाठतात आणि धमकावतात. ती नकार देऊन मोठ्याने ओरडते. तेव्हा हे दोघेच उलट तिच्यावर आळ घेतात की, एका तरुणाबरोबर तिला आम्ही पाहिले. सभा त्यांच्यावर विश्वास ठेवते आणि तिला मृत्युदंड होतो. मग तरुण दानीएल पुढे येतो, दोघांना एकमेकांपासून दूर नेण्यास सांगतो, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली पाहिले? एक जण एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच झाडाचे. सुसान्नाचे प्राण वाचतात.

आजचा चोखंदळ वाचक येथे हटकून बोट ठेवील. हे दोघे न्यायाधीश होते. साक्ष कशी तपासतात हे त्यांना नवे नव्हते. एका स्त्रीचा जीव घेणारी खोटी साक्ष द्यायची, आणि झाड कोणते एवढेही आधी ठरवायचे नाही? असे कधी कोणी करते का?

करते, आणि का करते ते त्याच अध्यायात सांगितलेले आहे. हे दोघे प्रथम एकमेकांपासूनही आपली वासना लपवीत होते. जेवणाची वेळ झाली असे सांगून ते एकमेकांचा निरोप घेतात, आणि दोघेही चोरपावलांनी त्याच जागी परत येऊन समोरासमोर आदळतात. या ओशाळवाण्या क्षणातून त्यांचा कट जन्माला येतो. लाजेने बांधली गेलेली माणसे एकमेकांच्या डोळ्यांत पाहून तपशील ठरवीत बसत नाहीत. उरकून टाकण्याची घाई असते. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्या शब्दाला कोणी प्रश्न विचारील ही शक्यताच त्यांच्या मनाला शिवली नव्हती. आयुष्यभर प्रश्न त्यांनी विचारले आणि उत्तरे इतरांनी दिली. ज्याच्या बोलण्यावर सगळा गाव मान डोलावतो, तो माणूस आपली गोष्ट नीट रचण्याचे कष्ट घेत नाही. म्हणून झाडाविषयीची त्यांची चूक ही कथेतील फट नसून त्यांच्या अधिकाराच्या मस्तीचे अचूक चित्र आहे. ती चूक त्यांनी केली नसती, तर ते निराळेच दोघे झाले असते.

मूर्खपणाला निदान कारण तरी हवे, असे कोणी म्हणेल. संत ऑगस्टीनने यावर फार कठोर विचार केला आहे. आपल्या आत्मनिवेदनाच्या दुसऱ्या भागात तो सोळाव्या वर्षी केलेली एक चोरी आठवतो. मित्रांबरोबर त्याने रात्री शेजारच्या झाडाच्या नासपती झाडून नेल्या. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती, आणि चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. कातिलिनासारख्या रक्तपिपासू माणसालाही आपल्या गुन्ह्यांतून काही तरी मिळवायचे होते. मला काय मिळवायचे होते, असे तो विचारतो. रहस्यकथेच्या वाचकाने हे प्रकरण 'हेतूच नाही' म्हणून परत पाठवले असते. ऑगस्टीन शोधत शोधत एका साध्या गोष्टीपाशी येतो : एकटा असतो तर मी हे केलेच नसते. १९७६-७७ मध्ये पुण्याला हादरवून सोडणाऱ्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा माणसांचे बळी गेले, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी गेलेले चौघे आरोपी एका कला महाविद्यालयातली तरुण मुले होती. त्या हकिकतीपुढे ऑगस्टीनचे ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा येते.

आता अलीकडच्या एका चित्रपटाकडे वळू, कारण या वादात त्याचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. 'दृश्यम' आपल्याकडे बहुतेकांनी हिंदीतून पाहिला. तो २०१५ साली आला. 'डोंबिवली फास्ट' करणारे निशिकांत कामत हे त्याचे दिग्दर्शक. कथा गोव्यातली, नायक विजय साळगावकर. मूळ चित्रपट मात्र मल्याळम, जीतू जोसेफ यांचा, २०१३ सालचा. आणि त्यातला नायक जॉर्जकुट्टी हा ख्रिस्ती आहे. केबलचा धंदा करणारा, चौथीच्या पुढे न शिकलेला, चित्रपटांच्या वेडाने शहाणा झालेला संसारी माणूस. एक उनाड मुलगा त्याच्या मोठ्या मुलीचे चोरून चित्रण करतो आणि रात्री घरी येऊन धमकावतो. झटापटीत मुलीच्या हातून तो मरतो. मुलगा असतो पोलीस महानिरीक्षक बाईंचा. जॉर्जकुट्टी प्रेत दडवतो, आणि त्या दिवशी आपण सगळे परगावी होतो असा देखावा उभा करतो.

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, ते सरळ पोलिसांकडे का गेले नाहीत? मुलीने स्वतःच्या आणि आईच्या अब्रूसाठी हात उगारला होता. कायदा तिच्या बाजूने उभा राहिला असता. हा आक्षेप घेणाऱ्याने पहिला अर्धा तास डोळे मिटून घेतले असावेत. गावातला लाचखाऊ, हात उगारणारा शिपाई आपल्याला आधीच दाखवलेला आहे, आणि त्याचे व जॉर्जकुट्टीचे वाकडे आहे हेही दाखवलेले आहे. मेलेल्याची आई पोलीस खात्यात वर बसलेली आहे. मुलीचे ते चित्रण पुराव्यात येईल ही भीती आहे. निर्णय चुकीचा असेल. मला तो चुकीचाच वाटतो. पण तो त्या घराच्या ओसरीवरून घेतलेला निर्णय आहे, प्रेक्षकाच्या खुर्चीवरून घेतलेला नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, इतका धोरणी माणूस मेलेल्याची पिवळ्या रंगाची मोटार दिवसाढवळ्या स्वतः चालवत नेतो! ही चूक खरीच. आणि चित्रपट ती चूक लपवीत नाही. तोच शिपाई त्याला त्या मोटारीत पाहतो, आणि पुढचा सारा छळ त्या एका दृष्टिभेटीतून उभा राहतो. चुकीची पुरेपूर किंमत त्या कुटुंबाने मोजली.

येथे मला एक साधी कसोटी सुचते. मूर्खपणाची किंमत कोण मोजतो ते पाहावे. पात्र मोजत असेल, तर तो मूर्खपणा पात्राचा. कोणीच मोजत नसेल आणि केवळ कथा पुढे सरकली असेल, तर तो लेखकाचा. नायकाला खुर्चीला बांधून ठेवल्यावर गोळी न घालता आपला सगळा बेत त्याला ऐकवत बसणारा खलपुरुष आपण शेकडो वेळा पाहिला आहे. त्याला तसे करण्यात काही सुख आहे असे लेखकाने आधी दाखवले नसेल, तर ती शुद्ध सोय आहे. 'दृश्यम'मध्येही मला अशी एक सोय दिसते. बांधकाम चालू असलेल्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली रात्री एकट्याने प्रेत पुरावे आणि कोणाच्याही नजरेस पडू नये, हे नशीब फारच उदार झाले. गंमत अशी की, २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात लेखकाने तेच नशीब परत मागून घेतले : त्या रात्री जॉर्जकुट्टीला तेथून बाहेर पडताना एका माणसाने पाहिले होते. लेखकालाही बहुधा ती उधारी डाचत असावी.

पण या चित्रपटातली एक गोष्ट कॅथलिक प्रेक्षकाला अस्वस्थ करणारी आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. मल्याळम चित्रपटातले हे कुटुंब परगावी कशासाठी गेले होते? आध्यात्मिक साधनेच्या शिबिराला, ज्याला आपण रिट्रीट म्हणतो. गोव्याच्या आवृत्तीत त्याचा सत्संग झाला. म्हणजे प्रायश्चित्त आणि मनःपरिवर्तन यांसाठी जेथे जायचे, ती जागा खोट्या साक्षीचा पाया झाली. बापाने सगळ्यांकडून उत्तरे घोटून घेतली. सुसान्नाच्या वडीलधाऱ्यांनी जे केले नाही, ते या चौघांनी केले. त्यांना वेगवेगळे बसवून विचारले तरी झाड एकच निघते. आणि मग पोलिसांच्या मारापुढे धाकटी मुलगी खरे सांगून टाकते. त्या क्षणी चित्रगृहात हळहळ उठते : अरेरे, पोरीने सगळे घालवले! आपण सगळे त्या बापाच्या बाजूने असतो, आणि त्याच्या निर्दोष रचनेतले एकमेव भोक म्हणजे एका लहान मुलीचे सत्य बोलणे. मला त्या बापाला दोषी ठरवण्याची घाई नाही. परंतु चुका न करणारे पात्र आपल्याला इतके का आवडते, आणि तशा पात्राच्या पायी आपण काय काय चालवून घेतो, याचा विचार त्या हळहळीपाशी थांबून करावासा वाटतो.

गिल्बर्ट चेस्टरटनने १९११ साली फादर ब्राऊन हा गुन्हेशोधक धर्मगुरू पुस्तकरूपाने वाचकांपुढे आणला, तेव्हा चेस्टरटन स्वतः अजून कॅथलिक झालेला नव्हता. ते घडले १९२२ मध्ये. फादर ब्राऊनची पद्धत शेरलॉक होम्सच्या अगदी उलटी आहे. तो राखेचे नमुने तपासत नाही. खुनी माणूस कोणत्या मनःस्थितीत असेल, तिथपर्यंत तो स्वतःच्या मनात उतरत जातो, आणि आपल्याही हातून हे घडू शकले असते अशा जागी पोहोचला की त्याला खुनी सापडतो. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी जाळीपलीकडे बसून वर्षानुवर्षे पापनिवेदन ऐकणाऱ्याला माणसाच्या अविचाराचे नवल वाटत नाही, एवढेच त्याचे भांडवल. 'असे कधी कोणी करते का?' हा प्रश्न फादर ब्राऊन कधी विचारत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौलाने स्वतःविषयी जे म्हटले आहे, की जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नको तेच होते, ते ज्याने एकदा मनापासून वाचले त्याला तो प्रश्न विचारताच येऊ नये.

तो प्रश्न पुस्तकापुरता राहिला असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. तसे होत नाही. कथेतल्या पात्राला लावलेली फूटपट्टी आपण घेऊन बाहेर पडतो, आणि ज्यांच्यावर संकट कोसळले त्यांच्या हकिकतीत फटी शोधू लागतो.

आपल्या महाराष्ट्रात याचा एक ठसठशीत दाखला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. भीतीपुढे निमूट होणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायपीठाने ओळखले होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नव्हते, सबब तिची हकिकत पटण्यासारखी नाही, असा त्याचा रोख होता. रात्रीची वेळ, ठाण्याची भिंत, समोर गणवेशातली माणसे, आणि कोवळ्या वयाची मुलगी. तरीही तिने कथेतल्या धीट नायिकेसारखे वागायला हवे होते. ती तशी वागली नाही, ही तिच्या हकिकतीतली फट ठरली. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उठली, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे.

सुसान्ना तर ओरडली होती. बागेचे दार उघडून नोकर धावत आले होते. तरी सभेने विश्वास वडीलधाऱ्यांवरच ठेवला. म्हणजे ओरडली तरी फट, न ओरडली तरी फट. वर्षानुवर्षे मार खाऊन त्याच घरात राहणाऱ्या बाईला आपल्या धर्मग्रामातही विचारले जाते, 'मग इतके दिवस का राहिलीस?' विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या प्रश्नाच्या पोटात निवाडा आधीच तयार असतो, आणि तिला तो ऐकू येतो.

औसा तालुक्यात राहणाऱ्यांना या प्रश्नाची आणखी एक धार ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावे अशी पडली की ती पुढे नव्या जागी वसवावी लागली. हजारो माणसे भिंतींखाली गेली. मदत घेऊन आलेल्या बाहेरच्या लोकांच्या कानावर नंतर एक गोष्ट आली, आणि ती ऐकून त्यांना धक्का बसला. किल्लारीच्या परिसरात आदल्या वर्षापासून, १९९२ पासून, धक्के बसत होते. जमिनीतून आवाज येत होते. लोक घाबरले होते, काही काळ अंगणात आणि शेतात झोपले होते. आणि तरीही ते पुन्हा त्याच घरांत गेले? मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर लाकडी खणांवर हातभर मातीचे माळवद. असे कधी कोणी करते का?

सगळ्यांनीच केले. ते माळवद मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर गार ठेवत होते, आणि दगडाच्या जाड भिंतीत बापजाद्यांना सुरक्षितता वाटली होती. शेतात किती रात्री झोपणार? पाऊस येतो, म्हातारी माणसे असतात, बाळंतीण असते, कणग्यांतले धान्य राखायचे असते. भीतीही रोज उठून ताजी राहत नाही. शंभर वेळा हादरून काही झाले नाही की एकशे एकाव्या वेळी माणूस कूस बदलून झोपतो. शिवाय आपण असमंजसपणे वागत आहोत असे त्यांना सांगणारा कोण होता? देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा मुलूख त्या वेळी पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. तो पहिला विभागच २००२ मध्ये नकाशावरून काढून टाकण्यात आला, आणि लातूरचा हा भाग तिसऱ्यात गेला.

संत पेत्रालाही आधी बजावलेले होते. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, हे प्रभूने त्याला त्याच रात्री स्पष्ट सांगितले होते. इतके कळल्यावर शहाण्या माणसाने मुख्य याजकाच्या वाड्याच्या आसपास फिरकू नये. पेत्र आत अंगणात गेला आणि शेकोटीपाशी ऊब घेत उभा राहिला, कारण थंडी होती, आणि कारण आत नेलेल्या माणसावर त्याचे प्रेम होते. चारही शुभवर्तमानांत ही हकिकत आहे. ती वाचताना कोणी म्हणत नाही की लेखकाने येथे कथानक ताणले.

किल्लारीनंतर कित्येक कुटुंबांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत वर्षे काढली. पुढे नव्या गावठाणात सिमेंटची घरे उभी राहिली, भूकंपाला टिकतील अशा बेताने बांधलेली. तरी त्या पहाटेतून वाचलेली काही म्हातारी माणसे छताखाली पाठ टेकायला धजत नव्हती. ती दारापुढच्या पत्र्याखाली खाट टाकत, वैशाखात तो पत्रा रात्रीपर्यंत तापलेला असतानाही. आणि येणारा पाहुणा त्यांना विचारीत असे की, एवढे पक्के घर असताना तुम्ही बाहेर का झोपता?